तू न केलेली सही

ताई,

तू गेलीस त्या दिवशी फ्युनरल होममध्ये जो भेटेल तो माझा हात हातात घेऊन एकच म्हणत होता, "सुटली." तुझे शेवटचे दोन महिने ज्यांनी पाहिले त्यांना दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मीही मान हलवत होतो. मलाही हायसं वाटलं होतं आणि त्या वाटण्याची लाज वाटत होती. आज पाच आठवडे झाले. कालपासून मात्र मला जे सुटल्यासारखं वाटतंय त्याची लाज वाटत नाही. तेच तुला सांगायला बसलोय.

काल कैतोची मॅच पाहिली.

अडीच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तू मला ऑफिसात फोन केलास आणि म्हणालीस, अव्या, एक जपानी मुलगा एअरपोर्टवरून आणायचाय, मला पेशंट आहेत. आठवड्यातले तीन दिवस तू आपल्या ट्रॉयजवळच्या त्या लहानशा प्रोफेशनल फुटबॉल क्लबात फिजिओथेरपी करायचीस. तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब. नव्या पोरांची राहायची सोय गावातल्या कुटुंबांकडे करायचा. तुझा मुलगा नील नोकरीसाठी लांब बॉथेलला गेल्यापासून तुझी बेसमेंटची खोली रिकामी होती. भावोजी गेल्यापासून वरचं घरही रिकामंच होतं, पण ते तू बोलून दाखवलं नाहीस.

एकोणीस वर्षांचा पोरगा, अंगात मिशिगनच्या थंडीत टिकणार नाही असं पातळ जॅकेट. मला पाहिल्यावर इतका खाली वाकला की मी उगाचच इकडेतिकडे बघितलं. गाडीत पाऊण तासात त्यानं एकच विचारलं, घराआधी ग्राउंड बघता येईल का. मी म्हटलं, बर्फाखाली आहे, काही दिसणार नाही. तरी म्हणाला, चालेल. मग कुंपणाच्या जाळीला हात लावून तो त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाच मिनिटं बघत उभा राहिला, आणि मी हीटर लावून गाडीत बसलो.

वाटेत मी त्याला सांगितलं, जिच्याकडे तू राहणार आहेस ती माझी मोठी बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो. तेव्हा तो पहिल्यांदा हसला. जपानीत ताई म्हणजे मासा. लग्न, बारसं, असं काही चांगलं असलं की आवर्जून करतात तो. घरी आल्यावर मी तुला हे सांगितलं. जन्मात अंडं न खाल्लेली तू. म्हणालीस, "असू दे. निदान चांगल्या दिवशीचा आहे."

त्याची गोष्ट तुला आधी कळली, मला तुझ्याकडून. बाराव्या वर्षी घर सोडून तो एका मोठ्या क्लबच्या अकादमीच्या हॉस्टेलवर गेला. सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ फुटबॉल. अठराव्या वर्षी त्याला बोलावून सांगितलं की वरच्या टीममध्ये तुझी जागा नाही, उंची कमी पडते. वडील चार तास गाडी चालवत न्यायला आले. मग त्यानं स्वतःचे व्हिडिओ जगभर पाठवले. उत्तर आलं ते आपल्या क्लबचं. म्हणून ट्रॉय.

पहिला सीझन तो बहुतेक बाकावरच होता. कोच ओरडायचा त्यातलं अर्धं त्याला कळायचं नाही, आणि न कळल्याचं सांगायची त्याला लाज. तू त्याला रोज सकाळी पोहे खाता खाता एक वाक्य म्हणायला लावायचीस, "पुन्हा एकदा सांगा." इंग्रजीत, दहादा, मोठ्यानं. पोह्यांवर सोया सॉस ओतून तो खायचा आणि म्हणायचा. जुलैत त्याला पहिल्यांदा पूर्ण मॅच मिळाली आणि ऑगस्टमध्ये पहिला गोल. डावीकडून आत येऊन, दोन जणांच्या मधून, डाव्या पायानं. गोल झाल्यावर आनंद कुठे जाऊन साजरा करायचा हे त्यानं ठरवलंच नव्हतं. तो नुसता धावत राहिला आणि बाकीच्यांनी त्याला पकडून उचललं. स्टँडमध्ये मी मराठीत ओरडत होतो. समोरच्या अमेरिकन बाईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, तर तू तिला म्हणालीस, माझा भाऊ आहे, निरुपद्रवी आहे.

मी त्या डाव्या पायाच्या प्रेमात पडलो, ताई. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मीही डावीकडूनच खेळायचो. फायनल इयरला सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं सोड म्हणून. कॅम्पस इंटरव्ह्यू आले आणि बूट माळ्यावर गेले. कैतोला खेळताना बघून मला काय व्हायचं ते तुला दिसत होतं. एकदा माझ्या ताटात भाजी वाढता वाढता सहज म्हणालीस, "अव्या, तो तू नाहीस हं." मला राग आला. मी म्हटलं, यार ताई, काहीतरीच काय.

दुसऱ्या सीझनच्या एप्रिलात तो पडला. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. वळला आणि खाली बसला. तू बॅग घेऊन धावलीस. मी लांबून फक्त तुझा चेहरा बघत होतो. तू त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून हलवलास, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. तेव्हाच मला कळलं. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं. ऑपरेशन झालं. किमान नऊ महिने, असं सर्जन म्हणाला आणि तूही.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी तू त्याला मऊ भात दिलास, वर तूप-मीठ आणि बाजूला लिंबाचं लोणचं. पहिल्याच घासाला तो रडायला लागला. तुला वाटलं तिखट लागलं. मग त्यानं सांगितलं की आजारी पडल्यावर त्याची आई असाच भात करते आणि बाजूला असंच काहीतरी खारट-आंबट ठेवते. त्या रविवारी तू त्याच्या आईशी व्हिडिओवर बोललीस. तिला इंग्रजी येत नव्हतं, तुला जपानी येत नव्हतं. वीस मिनिटं तुम्ही दोघी एकमेकींना ताटल्या दाखवत होतात.

मग बेसमेंटमध्ये व्यायाम. तू मराठीत मोजायचीस, म्हणून तोही मराठीत मोजायला शिकला. दहा झाले की तू म्हणायचीस, अजून एक. अकरावा झाला की पुन्हा, अजून एक. मी वर चहा पीत बसलेलो असायचो आणि खालून त्याचा कण्हण्याचा आणि तुझा शांत आवाज यायचा. एवढ्या प्रेमानं इतका छळ करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ऑक्टोबरपर्यंत टीमचं नशीब फळफळलं. प्लेऑफ नोव्हेंबरच्या सुरुवातीला. कोच म्हणाला, कैतो शेवटची वीस मिनिटं मिळाला तरी पुरे. वरच्या डिव्हिजनच्या एका क्लबचा माणूस खास त्याला बघायला येणार होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि कॉन्ट्रॅक्टबरोबर व्हिसा. सर्जननं चेंडू तुझ्याकडे टोलवला. फिजिओच्या टेस्ट पास झाल्या तर माझी हरकत नाही, म्हणाला. म्हणजे एका कागदावर तुझी सही हवी होती. सात महिनेही पुरे झाले नव्हते.

आता जे सांगतो ते मी तुला कधीच सांगितलं नाही.

टेस्ट मंगळवारी होती. त्याच्या आदल्या रविवारी तू डेट्रॉइटला कुणाच्या तरी डोहाळजेवणाला गेली होतीस. मी कैतोला आमच्या रविवारच्या खेळाला घेऊन गेलो. शाळेच्या ग्राउंडवर आम्ही दहा-बारा जण, सगळे चाळिशी-पन्नाशीतले, पोटं सुटलेले. मी त्याला म्हटलं, आमच्यात खेळून बघ, तुझा तुलाच विश्वास येईल. तो नको म्हणत होता. ताईंनी सांगितलेलं नाही, म्हणाला. मी म्हटलं, ताईला मी बघतो. तो अर्धा तास खेळला. काय सुंदर खेळला, ताई. आम्ही सगळे थांबून बघत होतो. गाडीत बसला तेव्हा गुडघा सुजायला लागला होता. मी त्याला माझ्या घरी नेलं, बर्फ लावला, आणि दोघांनी ठरवलं की तुला काही सांगायचं नाही. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. त्यानं मान हलवली.

मंगळवारी तू त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्यास, मोजमापं घेतलीस, मग त्याला टेबलावर झोपवून गुडघा हातात धरलास आणि बराच वेळ सोडला नाहीस, असं त्यानं मला नंतर सांगितलं. आणि तू नाही म्हणालीस.

मी संध्याकाळी तुझ्याकडे आलो तो भांडायलाच. तू कणीक मळत होतीस. मी खूप बोललो. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. पोराचं आयुष्य त्या वीस मिनिटांवर आहे. तो परत जाईल, तिथे त्याला आधीच एकदा नको म्हटलंय, आता सुजलेला गुडघा घेऊन कोण विचारणार? तू मळत राहिलीस. शेवटी मी नको ते बोललो. म्हणालो, "व्हिसा संपायची तारीख डोक्यावर घेऊन जगणं काय असतं ते तुला काय कळणार? तू कधी नोकरीसाठी इथे आलीच नाहीस."

तू हात थांबवलेस. "सात वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर या घरात बसून होते, अव्या. डिग्री असून. रोज वाटायचं की आयुष्य चाललंय. तरी त्यानंतर वीस वर्षं काम केलंच ना? थांबल्यानं कुणी मरत नाही. त्याचा गुडघा पुन्हा गेला तर मात्र तो थांबणारच नाही, संपेल."

मी म्हणालो, "तू त्याचं करिअर संपवते आहेस."

"मग संपवते," तू म्हणालीस. "सही नाही करणार."

माझ्या लक्षात आलं नाही तेव्हा, की 'सुजलेला गुडघा' हे शब्द माझ्या तोंडून गेले होते.

टीम हरली. कैतो बाकावर ट्रॅकसूट घालून बसला होता. वरच्या क्लबचा माणूस हाफटाइमलाच निघून गेला. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. डिसेंबरात कैतोनं मुद्दाम तू क्लिनिकला असशील अशी वेळ धरून सामान बाहेर काढलं. मीच त्याला एअरपोर्टवर सोडलं. खोली त्यानं इतकी लख्ख करून ठेवली होती की तिथे कुणी दोन वर्षं राहिलं होतं असं वाटू नये. वाटेत तो तुझ्याबद्दल चकार शब्द बोलला नाही आणि मला तेव्हा ते बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. संध्याकाळी तू फोन करून फक्त एवढंच विचारलंस, जाड कोट नेला का त्यानं? मी म्हटलं, हो. तू ठेवून दिलास.

त्यानंतर दोन महिने आपण फक्त कामापुरतं बोललो. संक्रांतीला तू तिळगूळ दाराशी ठेवून गेलीस, बेल न वाजवता. फेब्रुवारीच्या शेवटी तुझे रिपोर्ट आले. पहिला फोन मला केलास. स्वादुपिंड, म्हणालीस, हवामान सांगावं तशी. मी तुझ्याकडे आलो. त्या क्षणापासून कैतो, सही, नोव्हेंबर हा विषय आपल्यात निघालाच नाही. मिटला असं मी समजत होतो. मिटलेला नव्हता. मी तो खाली ठेवून वर बसलो होतो. केमोला नेताना, औषधं आणताना, तुझ्या पायाला तेल लावताना कितीदा वाटलं, आता सांगावं, त्या रविवारी मी त्याला खेळायला नेलं होतं. दर वेळी वाटायचं, आता आजारात कशाला. तसं नव्हतं, मी घाबरत होतो.

मार्चमध्ये तुझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. एका रिकाम्या हॉलमध्ये कैतो एका पायावर उडी मारून उतरतोय. डावा, उजवा, डावा, उजवा. खाली एक शब्द नाही. नंतर कळलं की जपानच्या डॉक्टरनं गुडघ्यातलं पाणी आणि बारीक झालेली मांडी बघून त्याला आणखी चार महिने थांबायला सांगितलं होतं. त्या नोव्हेंबरात खेळला असता तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तो डॉक्टर तुला ओळखत नव्हता आणि तू बोलली होतीस तेच बोलला होता. तू तो व्हिडिओ उशीला टेकून चारदा बघितलास आणि म्हणालीस, उजवा अजून थोडा कचरतोय. मग हसलीस. त्या आठवड्यात तू पहिल्यांदा जेवलीस नीट.

आपला जुना कोच दुसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबात गेला होता. त्यानं कैतोला परत बोलावलं. जुलैत तो अमेरिकेत उतरला आणि नव्या गावी जायच्या आधी ट्रॉयला आला, दोन दिवस. तू तेव्हा अंथरुणातच होतीस, हॉस्पिसची नर्स रोज यायची. तो खोलीच्या दारात तसाच वाकला, पहिल्या दिवशी वाकला होता तेवढा. सरळ व्हायला तयारच होईना. तू म्हणालीस, "वाकून झालं असेल तर एका पायावर बस बघू." त्यानं पँट गुडघ्यावर ओढली आणि तुझ्या पलंगाशेजारी एका पायावर बसून उठला. दहा वेळा. तुम्ही दोघं मराठीत मोजत होतात. तुझा आवाज सहालाच संपला, पुढचे चार त्यानं एकट्यानं मोजले. मग त्याचा गुडघा तू हातांत घेतलास. तुझी बोटं कशी झाली होती तेव्हा. तरी ती कुठे थांबायचं ते विसरली नव्हती. मला बघवेना म्हणून मी चहा करायला गेलो.

चार आठवड्यांनी तू गेलीस. तो येऊ शकला नाही, नव्या क्लबनं नुकतंच खेळायला घेतलं होतं. त्याच्या आईनं मला कागदी फुलांचा एक गुच्छ पाठवला. तो तुझ्या फोटोशेजारी आहे.

आणि काल. माझी रेवा नेपरव्हिलला असते हे तुला माहीतच आहे. कैतोची टीम तिथून तासाभरावर खेळायला येणार होती. मी शुक्रवारी गाडी काढली आणि तिच्याकडे गेलो. शनिवारी दुपारी आम्ही दोघं स्टँडमध्ये. सत्तराव्या मिनिटाला त्याला आत पाठवलं. मी पुढच्या खुर्चीची कड घट्ट धरली. रेवा म्हणाली, बाबा, ब्रीद. पाचच मिनिटांत एक दांडगा डिफेंडर त्याच्या अंगावर आला आणि कैतो हवेत उडून उजव्या पायावर पडला. पडला तो पडलाच. मी उभा राहिलो. ट्रेनर धावला. मला वाटलं, ताई नाहीये आता. कोण हात लावणार?

तो उठला. त्यानं ट्रेनरला हातानंच नको म्हटलं, मोजे वर ओढले आणि फ्री किक घ्यायला जागेवर गेला. मी खाली बसलो तेव्हा रेवानं माझा हात धरलेला होता आणि मी रडत होतो. गोलबिल काही झाला नाही. मॅच बरोबरीत सुटली. मला त्याचं काहीच नव्हतं.

नंतर तो कुंपणापाशी भेटायला आला. मी आधी त्याचा गुडघा बघितला, मग तोंड. थोडं तुझ्याबद्दल बोललो. मग तो शब्द जुळवायला लागला. म्हणाला, "ताईंनी सांगितलं होतं, त्या गेल्यावर तुम्हाला सांगायचं. त्यांना रविवारचं माहीत होतं. टेस्टच्या दिवशी त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलू शकलो नाही."

मी विचारलं, मग ती मला काही बोलली का नाही?

"जुलैत मी विचारलं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, अव्यानं ते वाईट मनानं केलं नव्हतं. मी आत्ता बोलले तर तो माफी मागत बसेल आणि आमचे राहिलेले दिवस त्यातच जातील. आणि न सांगता गेले तर जन्मभर घोकत बसेल. म्हणून तू सांग, नंतर."

म्हणजे मी कणकेच्या परातीसमोर उभा राहून तुला सुनावत होतो तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तुझ्याकडे एका वाक्यात माझं तोंड बंद करण्याची सोय होती आणि तू ती वापरली नाहीस. क्लबलाही सांगितलं नाहीस, नाहीतर त्या पोराचं नाव खराब झालं असतं. सगळ्यांचा राग एकटीनं अंगावर घेतलास, माझ्यासकट. आणि पुढे आजारात सहा महिने माझ्याकडून पायाला तेल लावून घेतलंस.

मला रडू यायला हवं होतं. मला हसू आलं. कैतोला कळेना काय झालं. मी त्याला म्हटलं, काही नाही, बहिणीनं पुन्हा हरवलं. छातीवरून कुणीतरी जड काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. दहा महिने ते माझ्या छातीवर होतं आणि तुला ते दिसत होतं, हे कळल्यावर उलट जास्तच हलकं वाटलं.

थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. मला माफी मागायची होती, ताई. तुझ्या समोर बसून. तू ती संधी घेतलीस काढून, विचारलंही नाहीस. यावर आपण कडाक्याचं भांडलो असतो आणि तू शेवटी म्हणाली असतीस, बरं, जेवून घे.

टीमची बस निघत होती. कुणीतरी हाक मारली. कैतो वाकला, आता मी पण वाकलो, आणि तो पार्किंग लॉटमधून बसकडे पळत गेला. पळता पळता कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होता, हसत होता. बाविसाव्या वर्षी माणसानं पळावं तसा पळत होता. गुडघा आहे हे विसरून.

तुझ्यासमोर म्हणायचं होतं ते तुझ्यामागे म्हणतोय. तू नाही म्हणालीस, फार बरं केलंस.

तुझा
अव्या